बियाचं पडवळ

परवा ग्रामपंचायतीचा शिपाई एक पत्र देऊन गेला. ‘सन्माननीय महोदय’ अशी सुरुवात असलेलं पत्र आलं की मी आधी शेवट वाचतो. मधल्या मजकुरात सहसा काही नसतं. ‘सुंदर परसबाग, समृद्ध गाव’ या स्पर्धेला परीक्षक म्हणून उपस्थित राहून आपण कार्यक्रमाची शोभा वाढवावी, असं शेवटी लिहिलं होतं. पत्रात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासल्यामुळे मला त्या मोजाव्याच लागतात.

पत्र घेऊन मी मागच्या पडवीत गेलो. वहिनी बिरड्यासाठी वाल सोलत बसल्या होत्या.

“कसलं पत्र, भावोजी?”

“परसबागेच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलंय.”

वहिनींनी एक वाल सोलला. मग दुसरा सोलला.

“कुणाला?”

“मला.”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि सालं गोळा करून मागच्या दारी टाकायला उठल्या.

त्या ‘हं’मध्ये राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. पावसाची झड थांबलेली, मांडवावरून पाणी ठिबकत होतं, आणि ओल्या पानांचा तो उग्र, किंचित कडवट वास दारापर्यंत आला होता. पडवळाच्या पानांना असा वास असतो. ज्यांना तो आवडत नाही त्यांना पडवळही आवडत नाही. मला तो आवडतो, आणि गेली काही वर्षं श्रावणात तो आला की मी पुस्तक घेऊन पुढच्या ओटीवर जाऊन बसतो.

ते टाळेबंदीचं वर्ष. आमचा छापखाना मार्चमध्ये बंद झाला. मालक म्हणाले, “बोलावीन तेव्हा या.” ते अजून बोलावताहेत. मुंबईत माझं म्हणावं असं काही नव्हतं. लग्न राहून गेलेलं, खोली भाड्याची, आणि पुस्तकं एवढी की ती सोडून कोणी पळ काढू नये. तरी मी काढला. दापोलीच्या आत डोंगराच्या कुशीत आमचं गाव. घरात वहिनी एकट्या होत्या. दादा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. मी आलो तेव्हा गावानं माझं स्वागत चौदा दिवस शाळेत कोंडून केलं. माझ्या शेजारच्या वर्गात सुधाकर होता. आमचा चुलतभाऊ, आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेचा अध्यक्ष. मुंबई सोडताना लोकांनी डाळ-तांदूळ आणले, औषधं आणली. सुधाकरनं मंडळाचा शिक्का आणि कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा आणला. चौदा दिवसांत त्यानं शाळेच्या खिडकीतून गावाला चार जाहीर निवेदनं दिली.

कोकणातल्या माणसाला हे सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं. आमच्याकडे पाऊस असा पडतो की दगडालाही पालवी फुटावी, आणि आम्ही खातो ती भाजी घाटावरून येते. कोबी, वांगी, टोमॅटो, मेथी, अगदी कोथिंबीरसुद्धा. दारात टेम्पो येतो, कर्ण्यावर ओरडतो, बायका पिशव्या घेऊन धावतात. आमच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या वाडीच्या तुकड्यात, पूर्वी सगळं व्हायचं. मग करती माणसं मुंबईला गेली, आणि माकडं डोंगर उतरून गावात आली. जे लावावं ते माकडांनी खावं असं दहा वर्षं झाल्यावर लोकांनी लावायचं सोडलं. त्या वर्षी टेम्पो यायचा थांबला तेव्हा पहिले चार दिवस लोक रस्त्याकडे बघत होते. पाचव्या दिवशी लक्षात आलं की गावात हिरवं पुष्कळ आहे, खायचं काही नाही.

फक्त वहिनींचं परडं चालू होतं. ते कधी बंदच पडलं नव्हतं. अळू, लाल माठ, भेंडी, दोडकी, दोन कारल्याचे वेल, आणि मागच्या दारासमोरचा पडवळाचा मांडव. जांभ्या दगडावर टोपलीटोपलीनं माती आणून केलेली जमीन ती. खाली हातभर गेलं की कातळ लागतो. माकडांना त्या कशा आवरायच्या हे मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “आवरायची कसली? बसून राहायचं.” बसून राहायला माणूस लागतं. इतर घरांतल्या माणसांना कुठे ना कुठे जायचं असायचं. वहिनींना कुठे जायचं नव्हतं.

पडवळाबद्दल थोडं सांगतो. बाजारात मिळतं ते आखूड, गुबगुबीत पडवळ वेगळं. वहिनींचं पडवळ कमरेइतकं लांब व्हायचं, फिक्या हिरव्यावर पांढऱ्या रेघा, आणि शिजल्यावर त्याला काकडीसारखी एक गार गोडी असायची. तरणं पडवळ वाकडं होऊ लागलं की त्याच्या शेंड्याला सुतळीनं लहानसा दगड बांधायचा. दगडाच्या ओढीनं ते सरळ वाढतं. श्रावणात मांडवाखाली उभं राहिलं की डोक्यावरून पंधरा-वीस पडवळं लोंबताना दिसायची, प्रत्येकाच्या टोकाला एक दगड, वारा आला की हलणारा. आमच्या शिक्षणपद्धतीचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. फुलं तिन्हीसांजेला उमलत, पांढऱ्या दोऱ्याची झालर विणल्यासारखी, आणि सकाळी मलूल व्हायची.

ते बी वहिनी लग्नात माहेराहून घेऊन आल्या होत्या. देवरुखच्या बाजूचं त्यांचं माहेर. सासरी जाणाऱ्या मुलीच्या ओटीत तांदळांबरोबर आईनं चार बिया टाकल्या होत्या म्हणे. वहिनी आल्या त्याला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. तेवढी वर्षं दरवर्षी मृगाच्या आधी आठ दिवस गावातल्या बायका त्यांच्याकडे बी न्यायला यायच्या. त्याची एक रीत होती. पुढच्या दारानं यायचं नाही, मागच्या. रिकाम्या हातानं यायचं नाही. मूठभर तांदूळ आणायचे. आणि ‘बी दे’ म्हणायचं नाही. मांडवाच्या खांबांकडे बघत म्हणायचं, “यंदा मांडव घालणार ना गो?” मग वहिनी आत जायच्या आणि पाच बिया आणून हातावर ठेवायच्या. ज्यांच्याकडे वेल व्हायचा त्या पडवळं खाऊन मोकळ्या होत. बी राखायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही, कारण पुढल्या वर्षी वहिनी होत्याच. बुरोंडीहून डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला येणाऱ्या हलिमाबीसुद्धा सुके बोंबील ठेवून बिया न्यायच्या.

दादा गेल्यावर हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. बारशाला, डोहाळजेवणाला वहिनी आपण होऊनच मागे राहू लागल्या. गावात कुणी कुणाला वाईट बोललं नाही. आमच्याकडे माणसाला वगळायला बोलावं लागत नाही. पण मृगाआधीच्या त्या आठ दिवसांत तेच हळदीकुंकू लावलेले हात मागच्या दारी येऊन त्यांच्यापुढे पसरले जायचे. मुंबईला असताना मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी त्यावर फार तर एखादा चुरचुरीत परिच्छेद लिहिला असता.

जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. त्याच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, त्यात माझी भर नको. सकाळी घर होतं, दुपारी घराला आकाश होतं. स्वयंपाकघरावरची कौलं उडाली, आगोठीला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेलं सगळं भिजलं. चुलीवरच्या धुरात, आढ्याला टांगलेल्या सुक्या दुधीच्या पोकळ भोपळ्यात वहिनींचं बी असायचं, राखेत घोळून फडक्यात बांधलेलं. तो भोपळा तिसऱ्या दिवशी कौलांच्या ढिगाखाली सापडला. बिया फुगून मऊ झाल्या होत्या.

बायका आल्या. कुणाचं छप्पर गेलं होतं, कुणाच्या पोफळी भुईसपाट झाल्या होत्या, तरी मृग आला म्हणून मूठभर तांदूळ घेऊन मागच्या दारी आल्या. तांदळाची मूठ त्या वर्षी लहान झाली होती.

“यंदा मांडव घालणार ना गो?”

“बी भिजलं, बायांनो,” वहिनी म्हणाल्या. “एखाददुसरं रुजलं तर पुढच्या सालाला देते. तांदूळ न्या परत.”

तांदूळ कुणी परत नेले नाहीत. ते आम्ही आठवडाभर खाल्ले.

वहिनींनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या बिया सुपात पसरून चुलीच्या उबेला सुकवल्या आणि आळी करून पेरल्या. तीन उगवल्या. एक रोप गोगलगाईंनी एका पावसाळी दुपारी संपवलं. एक पिवळं पडून बसलं. एक राहिलं. ते मांडवाच्या दोरीला लागलं त्या दिवशी वहिनींनी मला बोलावून दाखवलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला बोलावून काही दाखवल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मीही त्या पावसाळ्यात शेती केली. पुस्तकं वाचून. स्वयंपूर्ण कुटुंबाला किती चौरस फूट परसबाग लागते, याचा मी आराखडा काढला. वाफे उत्तर-दक्षिण. त्यात टोमॅटो लावले, ते कुजले. फ्लॉवर लावला, त्याला नुसती पानं आली. वहिनी येता-जाता बघायच्या. एकदा म्हणाल्या, “भावोजी, तुमचा नकाशा चांगला हाय. तो तेवढा पावसाला दाखवा.” मग त्यांनी मला राखणीवर बसवलं. मांडवाखाली जुन्या पाटावर, हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. माकडं आली की डबा वाजवायचा. मी पुस्तक घेऊन बसायचो. वाचणाऱ्या माणसाला माकडं घाबरत नाहीत, हा अनुभव मला मुंबईत कचेरीतही आला होता. शेवटी वहिनींनी माझ्या हातून पुस्तक काढून घेतलं.

उपाशी राहिलो असं मी म्हणणार नाही. रेशनचा तांदूळ होता, कुळथाची पिठी होती. नारळ तर त्या वर्षी अमाप. माडच पडले होते. पण दीड महिना वीज नाही, गळकं छप्पर, पुढे काय हे कुणाला ठाऊक नाही, आणि रोज तोच तांदूळ. अशा वेळी ताटाच्या कडेला पडवळाची थोडी भाजी असणं म्हणजे काय, ते मी नीट सांगू शकत नाही. डाळ नव्हती, नुसतं मीठ, मिरची आणि ओलं खोबरं. वहिनी मला जास्त वाढायच्या आणि मी ते खायचो. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही असं मी पूर्वी लोकांना सांगत असे. लक्षात आलं होतं.

वेल अशक्त होता. उशिरा फुलला, थोडकीच फळं धरली. भाद्रपदात मांडवाच्या कडेला एक पडवळ मोकळं सुटलं होतं. त्याला वहिनींनी दगड बांधला नाही. ते आपल्याच वजनानं सरळ झालं, आणि वाढत गेलं. एके दिवशी त्याच्या देठाशी मला लाल चिंधी दिसली, जुन्या चोळीच्या काठाची. मला हसू आलं. परड्याच्या कुंपणावर काळं मडकं होतं, फणसाला जुनी वहाण टांगलेली होती, आणि आता पडवळालाही दृष्ट लागू नये म्हणून चिंधी. वहिनींना मी काही बोललो नाही. सुशिक्षित माणसानं घरातल्या अंधश्रद्धांकडे सौम्यपणे बघावं, असं माझं मत होतं.

सप्टेंबर संपता संपता सुधाकर आमच्या घरी आला. त्याला कार्यक्रम हवा होता. सहा महिने एकही हार त्याच्या गळ्यात पडला नव्हता, आणि त्याची मान बारीक दिसायला लागली होती.

“स्वावलंबन गौरव सोहळा,” तो म्हणाला. “दापोलीहून साहेब येतायत. अंतर ठेवून करायचं सगळं. तू मानपत्र लिही. तुझ्यासारखी भाषा कुणाची हाय गावात?”

साहेब कुठल्या तरी समितीचे कुणी तरी होते. त्यांचं पद इतकं लांब होतं की पत्रिकेत दोन ओळी गेल्या. मी सुधाकरची यथेच्छ थट्टा केली. घरांवर अजून ताडपत्र्या आहेत आणि तुला सोहळे सुचतात, म्हणालो. निदान शाल-श्रीफळ तरी नको, म्हणालो. द्यायचंच तर आपल्या मातीतलं काही द्या, सुपात भाजी ठेवून द्या.

“वा!” सुधाकर म्हणाला. “हेच! तूच कर ते.”

थाटामाटाला हसणाऱ्या माणसाला त्याच थाटात एक खुर्ची मिळाली की तो ती आधी रुमालानं पुसतो. मी मानपत्र लिहिलं. चांगलं लिहिलं. त्यात ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द चार वेळा होता.

सोहळ्याच्या सकाळी वहिनी हळव्या भाताच्या कापणीला गेल्या होत्या. मी सूप घेऊन परड्यात गेलो. भेंडी घेतली, माठाची जुडी, चार कारली, अळूची पानं. तरी सूप गरीब दिसत होतं. मग त्या पडवळाकडे गेलो. कुणाचा दगड न बांधता सरळ वाढलेलं, असं एक वाक्य मला तिथेच सुचलं, आणि भाषणात ते येणार हेही ठरलं. देठाची चिंधी सोडली. फोटोत ती बरी दिसली नसती. दृष्ट वगैरे काही नसतं हे मी मनातल्या मनात कुणाला तरी समजावून सांगत होतो. पडवळ कापलं. चिंधी खिशात टाकली.

सोहळा झाला. साहेबांनी ते पडवळ दोन्ही हातांवर आडवं धरलं, मानाची तलवार धरतात तसं, आणि फोटो काढून घेतला. माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या. तोंडावर मुसक्या होत्या म्हणून कोण हसतंय ते दिसलं नाही, पण मागच्या रांगेतल्या दोन बाया एकमेकींकडे बघत होत्या आणि हसत नव्हत्या, एवढं दिसलं.

घरी आलो तेव्हा वहिनी मांडवाखाली उभ्या होत्या. कमरेला विळा तसाच.

“भावोजी, हितली चिंधी कुठाय?”

मी खिशातून काढून दाखवली. “ही काय. दृष्टीची ना? लागली नाही हो कुणाची. उलट साहेबांना फार आवडलं. फोटोसुद्धा काढला.”

त्यांनी चिंधी हातात घेतली नाही.

“ते बियाचं होतं,” त्या म्हणाल्या.

एवढंच. मग आत गेल्या आणि भात टाकला. बी धरायला जे फळ राखतात त्याला चिंधी बांधतात, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडत नाही. लहानपणी ही चिंधी मी शंभर वेळा पाहिली असेल. पुढे वाचायला शिकलो, मुंबईला गेलो, आणि चिंधी दिसली की अंधश्रद्धा ओळखायला शिकलो. गावातल्या कुठल्याही अडाणी माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. तिला शिक्षण लागतं.

दुसऱ्या दिवशी सुधाकरच्या स्कूटरवर मागे बसून दापोलीला गेलो.

“अरे पडवळ ते,” तो वाटभर म्हणत होता. “सोन्याची सर हाय काय? साहेबांकडं जाऊन पडवळ परत मागायचं? माझी काय किंमत राहील?”

साहेबांच्या बंगल्याच्या फाटकावर राखणदार होता. सभ्य माणूस. मी विचारलं तर म्हणाला, “साहेब पडवळ खात नाहीत हो. पोटाला बाधतं त्यांच्या. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, गायीला घाल. सूप हवंय का तुमचं? सूप ठेवलंय.”

सूप घेऊन आलो. खरं तर पडवळ मिळूनही काही झालं नसतं. ते वेलावरच पिकून तांबडं व्हावं लागतं, तेव्हा बी तयार होतं. आतलं बी अजून दुधाळ असणार. हे मला वहिनींनी सांगितलं नाही. त्यांनी मला काहीच सांगितलं नाही. पुढचे पंधरा दिवस त्या रोज सकाळी मांडवाखाली जाऊन वर बघायच्या. दोन फुलं आली, गळली. पाऊस गेला, ऊन तापलं, आणि वेल खालून वाळत वाळत मांडवावर दोरीसारखा झाला. दिवाळीच्या आधी त्यांनी तो ओढून काढला आणि न्हाणीच्या चुलीत घातला.

मग मी बी शोधायला निघालो. गाड्या सुरू झाल्यावर आधी बुरोंडीला गेलो. हलिमाबींचं घर खाडीच्या अंगाला, अंगणात जाळी वाळत घातलेली.

“पडवळाचं बी?” हलिमाबी म्हणाल्या. “आमच्याकडं कुठलं, भाऊ? दरसाल तुमच्या वहिनींकडूनच न्यायचे मी. मला वाटलं, यंदा त्यांनी पाठवलंय तुमच्या हाती.”

गावात घरोघर विचारलं. सगळीकडे हेच उत्तर, फक्त आवाज वेगवेगळे. शेवटी एस.टी.नं देवरुख, तिथून आत वहिनींच्या माहेरी. भाच्यानं स्लॅबचं घर बांधलं होतं, आणि जिथं परडं होतं तिथं रंगीत फरशा बसवल्या होत्या. भाचेसुनेनं चहा दिला. आतल्या खोलीत एक म्हातारी चुलती पडून होती. तिला मोठ्यानं विचारावं लागलं.

“आमचं बी कधीच गेलं,” ती म्हणाली. “आता गौरीच्या सणाला पोर येतं तवा पडवळ आणतं ना, तेच खातो आम्ही. तिच्याकडं हाय. तिला विचार.”

पोर म्हणजे वहिनी. चौसष्ट वर्षांची पोर. मी चहा संपवला. सगळ्या वाटा फिरून आमच्याच मागच्या दाराशी येत होत्या, आणि त्या दाराशी मी चिंधी सोडली होती. परतीच्या एस.टी.त माझ्या मानपत्रातला ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द सारखा आठवत होता. चार वेळा लिहिला, एकदाही खटकला नाही.

वहिनींना सांगितलं तेव्हा त्या ताक घुसळत होत्या. “म्हातारी जेवते का नीट?” एवढंच विचारलं.

पुढच्या वर्षी मृगाआधी मागचं दार त्यांनी सारवलं, खांब पुसले. कुणी आलं नाही. का यावं? देण्यासारखं काही नाही हे गावाला ठाऊक होतं. आणि बायका दुष्ट नव्हत्या, बी नसलेल्या बाईपुढे मांडवाची चौकशी करणं त्यांना बरं दिसलं नसेल. आठ दिवस वहिनी कामं आटपून मागच्या पडवीत बसायच्या. नवव्या दिवशी बसल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या हातानं परड्यात काही पेरलेलं मी पाहिलेलं नाही. मी दापोलीतून पाकीट आणून लावतो. पाकिटावर चकचकीत पडवळाचं चित्र असतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की या बियाण्यापासून आलेलं बी पुढे पेरण्यास वापरू नये. मला ते बारीक अक्षर आधी दिसतं, धंद्याची सवय. पहिल्या वर्षी मी ते वहिनींना वाचून दाखवलं होतं. कशासाठी दाखवलं कोण जाणे.

टेम्पो पुन्हा येतो. कर्णा पूर्वीपेक्षा मोठा आहे. गावात परसबागांची स्पर्धा होते, फलकावर साहेबांचा तलवारीसारखं पडवळ धरलेला जुना फोटो अजून छापतात. सुधाकरची मान पुन्हा भरली आहे.

परवा ते पत्र आलं त्या दुपारी, वहिनी सालं टाकून परत आल्यावर, मी शब्दकोशात ठेवलेली चिंधी काढली. इतकी वर्षं ती तिथेच होती; रंग उडून विटकरी झाला होता. मांडवाखाली गेलो. पाकिटातल्या बियांची पडवळं लोंबत होती, एका मापाची, आखूड, दगड बांधायची गरज नसलेली. त्यातलं त्यातल्या त्यात बरं बघून मी त्याच्या देठाला चिंधी बांधली. मला काय वाटत होतं ते विचारू नका. सत्तावन्नाव्या वर्षी मी ज्याला हसलो होतो, ते त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःच्या हातानं करत होतो, आणि गाठ नीट बसत नव्हती.

वहिनी मागून आल्या. मग पुढे होऊन त्यांनी ती गाठ सोडवली. अगदी सावकाश, देठ दुखावणार नाही अशी.

“भावोजी, ह्याच्या बियाचं काय होत नाय,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच वाचून दाखवलंत ना? कोवळं हाय तवर खाऊन टाकू.”

त्यांनी पडवळ तोडलं आणि आत नेलं. संध्याकाळी पानात भाजी होती, खोबरं घातलेली. चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.

चिंधी त्यांनी मला परत दिली नाही. काल संध्याकाळी वीज गेली तेव्हा त्या कंदील काढून बसल्या होत्या, आणि काच पुसायला हातात तीच होती.